प्रचाराला नेलेला क्रूस

आमच्या घरातला क्रूस भिंतीवरून खाली यायचा तो फक्त कुणी मरायला टेकलं म्हणजे. वाडीत कुणाच्या घशात घरघर लागली की त्या घरचं माणूस आमच्या ओट्याशी येऊन उभं राहायचं. काही बोलायचं नाही, बोलायची गरजच नसायची. माय हात धुवायची, पांढऱ्या फडक्यात क्रूस गुंडाळायची आणि अनवाणी निघायची. हा क्रूस बाईच्याच हातून जायचा, वाटेत बोलायचं नाही, आणि समोरून येणारा माणूस, मग तो कोळीवाड्यातला असो नाहीतर मोहल्ल्यातला, बाजूला होऊन वाट द्यायचा. मायच्या आजीने लग्नात आणलेला होता तो. काळं पडलेलं लाकूड आणि त्यावर पितळी ख्रिस्त. मरणाऱ्याच्या हातात तो द्यायचा, त्याने पायांचं चुंबन घ्यायचं आणि मग डोळे मिटायचे. इतक्या माणसांचे ओठ त्या पायांना लागले होते की बोटं, खिळे सगळं झिजून तिथे नुसतं गुळगुळीत पितळ उरलं होतं.

गेल्या महिन्यात माझा भाचा आला. निवडणुकीला उभा आहे. पांढरा शर्ट, दोन मोबाईल आणि मागे तीन पोरं. म्हणाला, "आत्या, आपल्या घरचा तो जुना क्रूस कुठाय? बॅनरवर टाकू. आपल्या लोकांना जरा टच होईल." मी त्याला बस म्हटलं. तेवढ्यावरून हे सगळं पुन्हा वर आलं, म्हणून लिहायला घेतलंय. आयुष्यभर एसटीच्या खिडकीत बसून तिकिटं फाडली मी, लिहिण्याची सवय नाही. पण ही गोष्ट माझ्याबरोबर जायला नको.

आमची वाडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी, डोंगराच्या पायथ्याला चिकटलेली क्रिस्तावांची घरं. पलीकडे रेवदंडा. घरात आम्ही आमची मोडकीतोडकी पोर्तुगीज बोलायचो, उंबऱ्याबाहेर मराठी. पापांचं बंदरावर जाळी आणि दोरखंडांचं दुकान होतं, त्यामुळे त्यांच्या अंगाला कायम नायलॉनचा आणि डांबराचा वास. पहाटे चर्चची घंटा व्हायची, तिच्यामागून होड्यांच्या इंजिनांची टकटक, आणि मग माय तांदळाची भाकरी थापायला बसायची तो फटफट आवाज. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांत, घरात मटण शिजायचं नाही. सुकटीचं कालवण, वांग्यात घातलेले सुके बोंबील, शुक्रवारी तर नुसती पेज आणि खारातली कैरी. संध्याकाळी ओट्यासमोरच्या दगडी क्रूसाशी दिवा लावून सगळी वाडी रोझरी म्हणायची. पापांचा आवाज सगळ्यांच्या वर. त्यांच्या भक्तीत खोट नव्हती, हे मी आधीच सांगते. पुढचं वाचून तसं वाटेल, पण नव्हती.

तर मी कॉलेजात होते त्या वर्षी पापा पंचायत समितीला उभे राहिले. आमच्या वाडीतून कधी कुणी निवडून गेलं नव्हतं. नळ कोळीवाड्यापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा, रस्त्याचंही तसंच. अर्ज मागे घ्यायची मुदत गेली, चिन्ह मिळालं छत्री, आणि नेमका उपवासकाळ सुरू झाला. समोर दत्ताराम शेठ. दोन ट्रॉलर, बर्फाचा कारखाना, आणि आमच्या वाडीतली निम्मी पोरं त्याच्याच बोटींवर खलाशी. पापांचा प्रचार बघायचा तो बबन पाटील. आगरी माणूस, मिठागरावर पापांबरोबर लहानपण काढलेला, तोंडाने फाटका आणि जिवाला जीव देणारा. आमच्या ओट्यावर त्याची प्रचारातली पोरं येऊन बसायची, चहा प्यायची आणि जेवणात मटण का नाही म्हणून कुरकुरायची. पापांनी मायला एकदा सांगून पाहिलं. मायने कोलंबीचा भात टोपभर केला आणि मटण हवं असेल तर दत्ताराम शेठकडे जा म्हणून सांगितलं. बबनकाका हसले, पापा हसले नाहीत.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, सकाळी फादरांनी सगळ्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असं म्हणत तो काढतात आणि दिवसभर कुणी पुसत नाही. घरी आल्यावर पापा सरळ विहिरीवर गेले आणि त्यांनी साबण लावून तोंड धुतलं. मग कोळीवाड्यात प्रचाराला गेले. मी त्यांच्याबरोबर होते. कॉलेजात जाणारी मुलगी बरोबर असली की बायका दार उघडतात, असं बबनकाकांचं म्हणणं. देवीच्या देवळात पापांनी नारळ फोडला, पुजाऱ्याने कुंकू लावलं, आणि बाहेर येऊन ते चौथऱ्यावर बोलायला उभे राहिले. मी तुमचाच हाय, म्हणाले. आमचं घराणं मूळचं तुमच्यातलंच, पोर्तुगीजांनी जबरदस्तीनं बाटवलं, पण रगत तेच हाय. टाळ्या पडल्या. माझ्याबरोबर अलिबागला कॉलेजात येणारी सुनंदा कोळी गर्दीत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या कपाळाकडे. माझ्या कपाळावरची राख तशीच होती. सुनंदा काही चेष्टा करणारी पोर नव्हती, पण मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढे कितीतरी दिवस मी एसटीत तिच्या शेजारी बसायचं टाळलं.

देवळात जाण्याचं मला काही वाटलं नाही. आम्ही लहानपणापासून पालखीला उभे राहायचो, त्यांची पोरं आमच्या चर्चच्या सणाला, फेस्ताला, जेवायची. बाटवलं हा शब्द मात्र मला लागला. मायच्या आजीला कुणी बाटवलं नव्हतं. ती ज्या श्रद्धेने क्रूस घेऊन जायची त्याला पापा जबरदस्ती म्हणून आले होते, आणि संध्याकाळी परत त्याच तोंडाने रोझरी म्हणत होते, सगळ्यांच्या वरच्या आवाजात. मी हे मायला सांगितलं नाही, तरी तिला कळायचं राहिलं नाही. त्या संध्याकाळी तिने त्यांच्या कपाळावरचा कुंकवाचा डाग पदराने पुसला, जरा जोरातच.

मतदान जवळ आलं तेव्हा बातमी आली की दत्ताराम शेठने कोळीवाड्यात नारळ उचलायला लावला. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक आहे. देवीपुढे नारळ ठेवायचा, घरटी एकाने त्यावर हात ठेवून मत कुणाला ते बोलायचं. मग तो शब्द मोडायची कुणाची छाती होत नाही, कारण दर्यावर जायचं असतं. बबनकाका ओट्यावर बसून बिडी ओढत होते. म्हणाले, "तेनी नारल उचलायला लावला. तुमच्या लोकांत नारल न्हाय चालत. मंग तुमच्यात काय हाय?" त्यांनी सहज विचारलं होतं. पापांची नजर आतल्या भिंतीकडे गेली. मी समोरच तांदूळ निवडत होते. ती नजर मी पाहिली.

मायचं आणि पापांचं भांडण मी ऐकलं ते स्वयंपाकघराच्या दाराआडून. पापा सांगत होते की वाडीचीच मतं फुटली तर आपण गेलोच, निम्मी पोरं शेठच्या बोटीवर आहेत, त्याने धाक घातला की ती तिकडे जाणार. माय एवढंच म्हणत होती की तो मरणाऱ्याचा आहे. फादरांनाही कुठून तरी कळलं. ते स्वतः घरी आले आणि माणसाला मतासाठी क्रूसावर शपथ घ्यायला लावणं हे पाप आहे, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पापा म्हणाले, फादर, तुमची बदली होईल, मला इथंच राहायचंय. शेवटी पापांनी जाहीर केलं की तू नाही आलीस तर मी स्वतः नेतो, बबन येईल बरोबर. तेव्हा माय उठली. तो क्रूस पुरुषाच्या हातात, झेंड्यासारखा, घोषणा देणाऱ्या पोरांच्या पुढे जाताना तिला बघवलं नसतं. तिने हात धुतले, पांढरं फडकं घेतलं आणि ती अनवाणी निघाली. मी मागून गेले.

वाडीत त्या संध्याकाळी काय झालं असेल ते तुम्हीच बघा. माय पांढरं फडकं घेऊन येतेय म्हणताच बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कोण गेलं, कुणाचा जीव अडकलाय, असं एकमेकींना विचारायला लागल्या. मग मागून पापा हात जोडून पुढे आले. प्रत्येक घरात तेच. माय फडकं उघडायची आणि खाली बघत उभी राहायची, पापा दोन शब्द बोलायचे, घरातलं मोठं माणूस हात ठेवायचं, पायांचं चुंबन घ्यायचं आणि छत्री म्हणायचं. कुणी नाही म्हटलं नाही. मरताना जो हातात हवा त्याला कोण नाही म्हणणार?

शेवटचं घर नाताल तियाचं. तिया म्हणजे आमच्यात मावशी, काकू, आत्या सगळंच. ही तर साऱ्या वाडीची तिया. नवरा दर्याने नेलेला, एकच मुलगा सिमाव, तो दत्ताराम शेठच्या ट्रॉलरवर. मला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिच्या हातचे केळीच्या पानातले गोड पानगे मी अजून विसरलेले नाही. ती चुलीपुढे बसली होती. मायकडे पाहून तिने आधी घाबरून सिमावचं नाव घेतलं. काही झालं नाही म्हटल्यावर तिचा श्वास खाली बसला, आणि पापांचं बोलणं ऐकताना पुन्हा वर चढला. तिने मायकडे पाहिलं. मायने मान वर केली नाही. तियाचा हात पिठाने भरलेला होता, तो तिने लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला, मग ठेवला. छत्री म्हणताना तिचा आवाज निघालाच नाही, नुसते ओठ हलले. पापांना तेवढं पुरलं. परत येताना ते मोकळे बोलत होते. मला माझ्या बापाची लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचीही लाज वाटत होती.

पापा पडले. थोडक्यात पडले, म्हणून जास्त वाईट. शाळेतल्या केंद्रावर फक्त आमची वाडी मत देते, आणि त्या पेटीतून छत्रीची जेवढी मतं निघायला हवी होती तेवढी निघाली नाहीत. म्हणजे क्रूसावर हात ठेवून कुणीतरी खोटं बोललं होतं. पापा ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असे बघायचे की माणसं वरच्या वाटेने जायला लागली. रोझरीला दगडी क्रूसाशी बायका जमायच्या, पण एकमेकींपासून अंतर ठेवून. कोण असेल, कोण असेल, एवढंच त्या ईस्टरपर्यंत वाडीत चाललं होतं.

ते कोण ते ईस्टरला कळलं. नाताल तिया चर्चला आली, पण आत आली नाही. पायरीवर बसून राहिली. कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठली नाही; मनावर पाप असलं की तो घेत नाहीत. पुढच्या रविवारीही तेच. कुणी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायची. शेठने सिमावला सांगितलं होतं, घरातलं मत फिरलं तर हंगामात बोटीवर जागा नाही. हे नंतर सिमावने मला स्वतः सांगितलं. म्हणजे ती दोन्हीकडून धरली गेली होती, एकीकडे मुलाची भाकरी आणि दुसरीकडे आम्ही. तिने मुलाची भाकरी धरली. मीही तेच केलं असतं. सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी न कळल्याचं दाखवलं. पापांनीही. ती पायरीवर बसलेली असताना ते तिच्या अंगावरून आत जायचे आणि पुढच्या बाकावर बसायचे.

पावसाळ्यात तिया आजारी पडली आणि आजार हटेना. एक दिवस सिमाव आमच्या ओट्याशी येऊन गप्प उभा राहिला. मायने हात धुतले. मी तिच्याबरोबर गेले, चिखलातून, ती अनवाणी आणि मी तिच्या डोक्यावर छत्री धरून. कसली छत्री धरली आहे ते अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं आणि मी ती मिटवली. दोघी भिजत गेलो. फादर येऊन गेले होते, त्यांनी तियाचं पापनिवेदन ऐकून क्षमा दिली होती. मायने फडकं उघडून क्रूस पुढे केला, आणि तियाने मायला नावाने हाक मारून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नको, लुर्दिन. त्याच्यावर मी खोटा हात ठेवलाय. फादरनी माफ केलं, पण हा माफ नाय करणार."

माय तिच्याजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "तिया, तो हात तुझा नव्हता. आमचा होता."

तियाने ऐकलं असेल, पण ती वळली नाही. मग माय मला तिथेच बसवून घरी गेली. तिने पापांना काय सांगितलं ते मला ठाऊक आहे, कारण तिने तेच पुढे आयुष्यभर मनात घोळवलं आणि म्हातारपणी मला बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुम्ही घेतलेला शब्द तुम्हीच परत करा, आत जाऊन तिला सांगा की तू सुटलीस. बाकी काही नको. एवढं एकच वाक्य होतं, आणि ते म्हणू शकणारा माणूस साऱ्या वाडीत एकच होता.

पापा आले. मी दारातूनच बघत होते. पाऊस थांबला होता. अंगणात माणसं जमली होती, त्यात दत्ताराम शेठचा ट्रॉलर चालवणारा तांडेल होता, सिमावला भेटायला आलेला. पापांनी त्याला पाहिलं. पाय अंगणातच थांबले. आत यायला चार पावलं होती. मला वाटलं, आता येतील. त्यांनी दाराकडे तोंड करून दोन्ही हात जोडले, थेट प्रचारात जोडायचे तसे, छातीशी, मान जराशी कलती करून. "काय तिया, बरी हाएस ना?" म्हणाले. मग त्यांनी तांडेलाकडे बघून मान हलवली आणि ते गेले. तो हात जोडण्याचा प्रकार माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही. बॅनरवर तसा कुणी उभा दिसला की मी मान फिरवते, आणि आमच्याकडे सध्या रेवसपासून मुरूडपर्यंत प्रत्येक खांबावर कुणीतरी तसा उभा आहेच.

तिया संध्याकाळी गेली. रिकाम्या हाताने गेली. माझ्या आठवणीतलं वाडीतलं ते पहिलंच माणूस, जे असं गेलं.

दुसऱ्या दिवशी कबरस्तानात पेटीचं झाकण लावायच्या आधी माय पुढे झाली. पदराखालून तिने क्रूस काढला. फडकं नव्हतं, उघडाच आणला होता. तिने तियाच्या जुळवलेल्या हातांवर तो ठेवला, रोझरीचे मणी त्याच्याभोवती गुंडाळले आणि मागे सरकली. फादरांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्यांनी प्रार्थना पुढे चालू केली. पापा पहिल्या रांगेत होते. सगळ्या वाडीसमोर बायकोच्या आजीचा क्रूस मातीत चालला होता आणि ते एक शब्द बोलू शकत नव्हते, कारण बोलले असते तर कशासाठी हेही बोलावं लागलं असतं. मूठमूठ माती टाकायची वेळ आली तेव्हा त्यांनी टाकली. परतताना माय पुढे आणि ते मागे, असे दोघे घरी आले. आमच्या भिंतीवर क्रूसाच्या जागी नुसती फिकट खूण राहिली. पुढे कितीदा चुना दिला, माय तेवढी जागा सोडायला लावायची.

त्यानंतर ओट्याशी कुणी येऊन उभं राहिलं की माय सांगायची, आमच्याकडे नाही आता. लोक फादरांकडचा नेऊ लागले. पापा पुन्हा उभे राहिले नाहीत. रोझरीला येत राहिले, पण त्यांचा आवाज मला पुन्हा सगळ्यांच्या वर ऐकू आला नाही.

त्यांचं शेवटचं आजारपण लांबलं. मी रजा घेऊन आले होते. एका दुपारी त्यांनी चादरीवर हात उताणा ठेवला आणि बोटं मिटली, उघडली. आमच्यात हे कुणालाही कळतं. माझा भाऊ फादरांकडचा क्रूस आणायला उठला तर पापांनी मान हलवून नको म्हटलं. मायकडे बघून हळू विचारलं, "तो तियाकडं हाय ना?"

"हाय," माय म्हणाली.

"असूं दे तिच्याकडंच," ते म्हणाले. मग मायने त्या उघड्या हातात आपला हात ठेवला. तेही रिकाम्या हातानेच जायला तयार झाले होते, हे मला तेव्हा उमगलं, आणि त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा राग तिथेच गळाला. लाज मात्र गेली नाही. ती त्यांच्याबरोबर जाईल असं वाटलं होतं.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही. त्याला घाई होती, बाहेर गाडी चालूच ठेवलेली होती. मी एवढंच म्हटलं, "क्रूस नाताल तियाकडे आहे."

तो मोबाईलमधून वर बघत म्हणाला, "कोण नाताल तिया? आपल्याच वाडीत मतदान आहे ना त्यांचं?"